बुडालेलं खंड आणि मोडलेलं स्थळ

प्रोफेसर धारपुरे आमच्याकडे उतरले की आईला पोळ्या कागदासारख्या पातळ लाटाव्या लागत, कारण जाड पोळीनं त्यांच्या चिंतनात व्यत्यय येतो असं अण्णांचं मत होतं. प्रोफेसरांनी स्वतः तसं कधीच म्हटलेलं नव्हतं. पण थोर माणसाची गरज त्यानं सांगायच्या आत ओळखणं यातच यजमानाचं कौशल्य आहे, अशी माझ्या वडिलांची समजूत होती, आणि त्या कौशल्याला लागणारी मेहनत त्यांनी मोठ्या मनानं आईकडे सोपवलेली होती. लोणावळ्याच्या बाजारामागे आमचं कौलारू घर होतं. पुढच्या खोल्या आम्ही हवापालटाला येणाऱ्यांना देत असू. मुंबईची फिकुटलेली माणसं थंडीत यायची, महिनाभर आईच्या हातचा आंबेमोहराचा मऊ भात, मेतकूट आणि कुळथाचं पिठलं खायची, गालांवर रंग चढला की त्याचं सगळं श्रेय लोणावळ्याच्या हवेला देऊन परत जायची. दिवसभर स्टेशनाकडून शिट्ट्या ऐकू येत. घाटातून गाडीला मागून ढकलत आणणारं इंजिन आमच्या इथे सुटायचं. ते सुटलं की एक लांब, दमलेला आवाज घरात शिरायचा, आणि आत्या जपमाळ थांबवून म्हणायची, "सुटला बिचारा." माझ्या आत्याची करुणा इंजिनांपुरती राखीव होती. माणसांवर ती सहसा खर्च करत नसे.

दर हिवाळ्यात प्रोफेसर पुण्याहून आपल्या कॉलेजातली भूगर्भशास्त्राची मुलं घेऊन यायचे. मुलं पडवीत झोपायची, प्रोफेसर उत्तम खोलीत. सकाळी सगळे हातोडे घेऊन घाटाकडे जायचे आणि संध्याकाळी पोतंभर दगड घेऊन परतायचे. दगड वाहायला कुरवंड्याचे भिवाभाऊ असत. पोतं ओट्यावर टेकवताना ते दरवर्षी तीच तक्रार करत. "सायेब, असलाच दगुड हितं ओट्याखाली बी हाय. तितनं उचलला आसता तर माजी कंबर वाचली आसती." प्रोफेसर म्हणत, "भिवा, तो थर वेगळा आहे." भिवाभाऊ म्हणत, "आसंल. कंबर तीच हाय."

रात्रीच्या जेवणाला प्रोफेसर सह्याद्रीची उत्पत्ती सांगत. ते सांगत छान, हे मी आजही मान्य करीन. सर्वांत खाली जुना दगड, पृथ्वी पोरवयाची असतानाचा, जो तिकडे धारवाडकडे उघडा दिसतो आणि आपल्याकडे झाकलेला आहे. त्यावर कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा पसरला, थिजला, पुन्हा पसरला, पुन्हा थिजला. थरावर थर, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग कोणीतरी धीट विद्यार्थी विचारायचा, की चांद्याच्या कोळशात ज्या झाडाची पानं सापडतात तीच आफ्रिकेतल्या कोळशात कशी? प्रोफेसर ताटातला हात थांबवून सांगत, की पूर्वी भारत आणि आफ्रिका यांच्यामध्ये एक विशाल खंड होतं, ते समुद्रात बुडालं. एक जर्मन गृहस्थ म्हणतो की खंडंच सरकली, पण तो हवामानाचा माणूस, त्यानं पावसाचं पाहावं. "खंडं सरकत नाहीत," प्रोफेसर म्हणत, आणि अण्णा मान डोलावत, जणू एखादं खंड सरकायला निघालं असतं तर अण्णांनी त्याला दारातच अडवलं असतं. एवढं मोठं खंड, त्यावरची झाडं, डोंगर, नद्या, सगळं बिनबोभाट बुडालं याचं कोणाला काही वाटत नसे. बुडणं सभ्यपणाचं होतं. हलणं मात्र चारित्र्यावर येत होतं.

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. "बसले होते" असं म्हणायची पद्धत होती, म्हणून म्हणते. प्रत्यक्षात पाणी भरणं, धुणी, पाहुण्यांच्या खोल्या, लोणची, पापड यांतून बसायला मिळालं असतं तर मी उपकार मानले असते. मी स्थळाची वाट बघत होते, म्हणजे माझ्या वतीनं सगळे बघत होते. मला विचाराल तर मला कॉलेजात जायचं होतं, पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

त्या वर्षी प्रोफेसरांबरोबर एक बाई आल्या. मालती केसकर, विभागातल्या नव्या डेमॉन्स्ट्रेटर. किरकोळ अंगाच्या, जाड भिंगांचा चष्मा, पातळावर पुरुषी स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट आणि खांद्यावरच्या पिशवीतून डोकावणारा हातोडा. आत्यानं त्यांना दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन, म्हणजे त्यांना नीट ऐकू जाईल अशा अंतरावरून, म्हणाली, "बाईमाणूस आणि हातात हातोडा? पाथरवटाच्या घरची आहे का?" मालतीताईंनी बाहेरून उत्तर दिलं, "नाही हो आत्या, भिक्षुकाच्या." आत्या त्यावर दोन दिवस बोलली नाही. तिच्या दृष्टीनं दोन्ही बाजूंनी फसवणूक झाली होती.

त्यांची सोय माझ्या खोलीत झाली. आणि एवढ्या मुलांबरोबर एकटी बाई रानात फिरणार हे बरं दिसत नाही, असं प्रोफेसरांनी आणि अण्णांनी विचारविनिमय करून ठरवलं. उपाय म्हणून त्यांच्यासोबत मला पाठवलं. एका अविवाहित बाईची अब्रू राखायला दुसरी अविवाहित मुलगी द्यायची, हे गणित कोणत्या कॉलेजात शिकवतात ते मला पुढे कॉलेजात जाऊनही कळलं नाही. मी मात्र आनंदानं गेले.

कुरवंड्याच्या वाटेवर एका कापलेल्या उतारात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये विटेसारखा लाल पट्टा होता. मी जन्मापासून तो पाहत होते आणि कोणीतरी गेरू सांडलाय इतपतच त्याच्याविषयी माझं मत होतं. मालतीताईंनी माझं बोट धरून त्यावर टेकवलं. "ही माती आहे, कमल. खालचा लाव्हा थंड झाला. त्यावर ऊन-पाऊस झाला, दगड कुजला, माती झाली, कदाचित गवतही उगवलं असेल. मग वरून पुन्हा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली."

"मधे किती दिवस गेले?"

"दिवस!" त्या हसल्या. "हजारो वर्षं असतील. वरच्या थराला घाई नव्हती."

बोटाला लाल भुकटी लागली होती. मी ते बोट पदराला न पुसता दिवसभर तसंच ठेवलं, आणि जेवताना भिवाभाऊ म्हणाले, "पोरी, हात धू. माती खातीस व्हय?"

दुपारी आम्ही नागफणीच्या अंगाला, कड्याच्या टोकाशी बसलो. खाली कोकण धुरकट पसरलेलं. मुलं भाकरी खाण्यात आणि प्रोफेसर वामकुक्षीत गढलेले. मी विचारलं, "ताई, आमची इंद्रायणी इथंच मागे उगम पावते. समुद्र समोर दिसतोय म्हणावं इतका जवळ. मग ती पाठ फिरवून इंदुरी, देहू करत तिकडे पूर्वेला कशाला जाते? पार बंगालच्या उपसागरापर्यंत?"

मालतीताईंनी चष्मा काढून पुसला. "हे तुला कोणी विचारायला सांगितलं?"

"कोणी नाही. लहानपणी अण्णांना विचारलं होतं. ते म्हणाले, देवाची इच्छा."

मग त्यांनी सांगितलं, हळू आवाजात, झोपलेल्या प्रोफेसरांकडे बघत. ही जमीन इथे संपत नव्हती. ती पश्चिमेला पुढे गेलेली होती. दक्षिणेकडची सगळी खंडं एकेकाळी जोडलेली होती, ती फाटली. आधी आफ्रिकेपासून आपण सुटलो, मग मादागास्कर सुटलं, मग लाव्ह्याच्या धामधुमीत सेशेल्सची बेटं. फाटताना आपली ही कड उचलली गेली आणि सगळं पठार पूर्वेकडे कललं. म्हणून नद्या पूर्वेला वाहतात. फाटलेला काठ ओढ्यांनी झिजवत झिजवत मागे आणला, त्या काठावर आता आपण भाकरी खातोय.

"पण सर म्हणतात मधलं खंड बुडालं."

"खंडांचा दगड हलका असतो, समुद्राच्या तळाचा जड. हलकं जडात बुडेल कसं? लाकडाचा ओंडका पाण्यात बुडवून ठेव बघू."

"मग हे सरांना सांगा ना."

"माझी नोकरी तात्पुरती आहे," मालतीताई म्हणाल्या. "जूनमध्ये कायम करायची की नाही, ते सर ठरवणार आहेत." आणि त्यांनी भाकरीचा उरलेला तुकडा फडक्यात बांधून ठेवला.

आता स्थळाचं. सहल संपत आली तेव्हा प्रोफेसरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांचा भाचा श्रीकांत देहूरोडच्या लष्करी डेपोत कायम नोकरीला आहे, आणि कमल त्यांच्या पाहण्यातली आहे. अण्णांना आपण उभे आहोत की बसलो आहोत हे समजेना. प्रोफेसर धारपुऱ्यांशी सोयरीक! म्हणजे यापुढे जन्मभर पातळ पोळ्या. रविवारी सकाळच्या गाडीनं श्रीकांत आणि त्याची आई, म्हणजे प्रोफेसरांची बहीण यमुनाबाई, येणार असं ठरलं. मुलं शनिवारीच पुण्याला गेली. मालतीताई दगडांच्या नोंदी पुऱ्या करायला प्रोफेसरांच्या हाताखाली राहिल्या. मला आत्याचं जांभळं पातळ नेसवलं. आईनं साखरभात केला, मटारची उसळ, अळूची भाजी. उंबऱ्यात पाणी घेऊन उभी असताना मी श्रीकांतला पाहिलं. गोल चेहऱ्याचा, घाबरलेला तरुण होता. त्यालाही कोणी काही विचारलेलं दिसत नव्हतं.

पुरुष पाटावर बसले. पाहुणी म्हणून यमुनाबाईंचा आणि पाहुणी की नोकर हे न ठरल्यामुळे मालतीताईंचा पाट कडेला मांडला होता. मी तूप वाढत होते. यमुनाबाईंनी स्वयंपाक येतो का, विणकाम येतं का, हे विचारून झालं. मग प्रोफेसर कौतुकानं म्हणाले, "यमे, ही मुलगी साधी समजू नकोस. आठवडाभर आमच्याबरोबर रानात होती. कमल, सांग बरं मावशींना, आपला सह्याद्री कसा झाला?"

मुलगी गाणं म्हणून दाखवते तसं मी दोन वाक्यं म्हणून दाखवावी, एवढीच अपेक्षा होती. मी तुपाची वाटी धरून खालचा जुना दगड सांगितला, लाव्ह्याचे थर सांगितले, मधली लाल माती सांगितली. यमुनाबाई माना डोलावत होत्या. तिथे थांबता आलं असतं. मी थांबले नाही. ठरवून नव्हे, ओघात होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं माझं ऐकत होती. मी म्हटलं, "मग जमीन फाटली. पलीकडचा भाग मादागास्कर आणि सेशेल्सकडे गेला, आपली कड वर उचलली गेली, म्हणून इंद्रायणी पूर्वेला जाते."

प्रोफेसरांचा घास हातात राहिला. "हे कुठे ऐकलंस?"

कडेच्या पाटावरून आवाज आला, "माझ्याकडून, सर."

"मिस केसकर," प्रोफेसर अगदी मृदूपणे म्हणाले. ते रागावले की मृदू होत. "खंडं सरकतात म्हणता. ढकलतं कोण त्यांना?"

"ते अजून नीट समजलेलं नाही, सर. खालचा तापलेला दगड फिरत असावा, असं काही जण म्हणतात."

"असावा! म्हणजे नक्की ठाऊक नाही. तरी तुम्ही एका अजाण मुलीच्या डोक्यात हे भरवलंत. मला वाटतं, तुम्ही तिच्यासमोर कबूल करावं की ही निव्वळ कल्पना आहे. मग आपण साखरभात खाऊ."

सगळे मालतीताईंकडे पाहत होते. जूनचा विचार त्यांच्या मनात आला असणार. माझ्याच मनात आला. "ढकलणारं ठाऊक नाही, हे कबूल करते," त्या म्हणाल्या. "सरकली नाहीत, हे नाही करता येत."

"मग हट्टाला औषध नाही."

आणि मी विचारलं. खरंच कुतूहलानं विचारलं. आजपर्यंत कोणी त्यावर विश्वास ठेवलेला नाही, तो भाग वेगळा. "पण सर, मधलं खंड बुडवलं कोणी? हलका दगड जड दगडात बुडेल कसा?"

स्टेशनावर इंजिन सुटल्याचा तो दमलेला आवाज आला. आणि श्रीकांत हसला. फस्सकन, तोंडातल्या भातासकट. त्यानं ते ठसक्यात लपवायचा प्रयत्न केला, पण पुन्हा फुटला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि "मामा, सॉरी... पण कोणी बुडवलं?" एवढं म्हणून पाटावरच वाकला. यमुनाबाई हात न धुता उठल्या. नवऱ्याच्या घरी यायच्या आधीच वडीलमाणसांना प्रश्न विचारणारी आणि मुलाला बिघडवणारी मुलगी त्यांनी आजवर पाहिली नव्हती. दुपारच्या गाडीनं तिघंही गेले. साखरभाताचं पातेलं जसंच्या तसं राहिलं. ते आम्ही दोन दिवस खाल्लं, आणि इतका चांगला साखरभात मी पुन्हा कधी खाल्ला नाही.

घरात जे झालं ते काय सांगायचं! अण्णा ओट्यावर फेऱ्या मारत "कायम नोकरी, कायम नोकरी" म्हणत होते. आत्यानं सगळा दोष मादागास्करवर ठेवला. ते एखादं वाईट चालीचं गाव असावं अशी तिची शेवटपर्यंत खात्री होती, शेजारची मुलगी पुढे पळून गेली तेव्हा तिनं विचारलं होतं, "तिकडेच का?" मी खोलीत गेले तर मालतीताई बूट पिशवीत भरत होत्या. आत जात नव्हते, तरी कोंबत होत्या.

"ताई, माझ्यामुळे..."

"घरी आई आहे, धाकटा भाऊ शिकतोय," त्या म्हणाल्या. "त्यांना काय सांगू आता? आफ्रिकेमुळे नोकरी गेली?" आम्ही दोघी मोठ्यानं हसलो. मग त्या बूट मांडीवर घेऊन रडायला लागल्या, आणि मला काय करावं कळेना, म्हणून मी त्यांची पिशवी धरून बसले.

संध्याकाळी अण्णा जरा थंड झाल्यावर आई बाहेर आली. माझी आई चार पाहुण्यांसमोर तर सोडाच, मांजरासमोरही मोठ्यानं बोलत नसे. ती म्हणाली, "हिला कॉलेजात घाला."

"आता? एवढं झाल्यावर?"

"मला त्यातलं काही कळत नाही. पण इतकी वर्षं मी आतून ऐकतेय, त्या सरांना उत्तर न सुचल्याचं आज पहिल्यांदा ऐकलं. आपल्या मुलीनं विचारलं म्हणून." आणि जरा थांबून म्हणाली, "तसंही त्यांच्यासाठीची पातळ पोळी आता करायची नाही. माझा वेळ वाचेल. हिचं काम मी करीन."

अण्णांनी नकाराची बरीच कारणं दिली, पण मोडलेल्या स्थळाची बातमी बाजारभर झाली होती, दुसरं येण्याची घाई नव्हती, आणि मुलगी शिकतेय हे सांगायला बरं दिसणार होतं. जूनमध्ये मी पुण्याला गेले. भूगर्भशास्त्राचा विभाग एकच, प्रमुख एकच. प्रोफेसरांनी मला तिथे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि ते व्रत त्यांनी माझी पदवी होईपर्यंत निष्ठेनं पाळलं. मालतीताई तिथे नव्हत्या. त्यांना कोणी काढलं नव्हतं. थोर माणसं कोणाला काढत नाहीत, फक्त पुढचं वर्ष सुरू होऊ देत नाहीत. त्यांना तळेगावच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची नोकरी मिळाली. सुट्टीत घरी जाताना मी तिथे उतरायचे. परीक्षेत काय लिहू, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पेपरात बुडव. बाहेर हलव. आधी पास हो." मी इमानेइतबारे बुडवलं आणि पहिल्या वर्गात आले.

श्रीकांत एकदा स्टेशनावर भेटला, बायको-मुलासह. "त्या दिवसापासून आई माझ्यासमोर साखरभात करत नाही," म्हणाला. चांगला माणूस होता. पण त्याच्याशी लग्न न झाल्याचं दुःख काही मला झालं नाही, आणि त्यालाही झालेलं दिसलं नाही.

मग काही वर्षांत जगभरच वारं फिरलं. समुद्राच्या तळाची मोजमापं आली, तळ फाकतो आहे हे दिसलं, आणि ज्या खंडांनी इतकी वर्षं कॉलेजच्या शिस्तीत राहून हालचाल केली नव्हती ती सगळी एकदम सरकू लागली. मी तोवर स्वतः शिकवायला लागले होते. प्रोफेसर धारपुऱ्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला मी गेले. शाल, नारळ, हार झाले. भाषणात प्रोफेसर म्हणाले, की भारत दक्षिणेकडून सरकत आला ही गोष्ट आपल्या विभागात पूर्वीपासून चर्चेत होती. ते खोटं नव्हतं. आमच्या घरच्या पंगतीत चर्चा झालीच होती. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी मी तळेगावला गेले. मालतीताईंचा सातवीचा तास होता. दाराशी उभ्या उभ्याच मी त्यांना सगळं सांगितलं. माझा आवाज रागानं चढला होता. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला.

"म्हणजे आता उघड सांगायला हरकत नाही," एवढंच म्हणाल्या, आणि मला आत बोलावून मागच्या बाकावर बसवलं. मग वर्गाकडे वळल्या. "मुलींनो, पुस्तकं मिटा. आपण बसलोय ती जमीन सरकते आहे. वर्षाला नखं वाढतात तितकी."

पुढच्या बाकावरच्या एका हुशार मुलीनं हात वर केला. "बाई, परीक्षेत येणार आहे का?"

"नाही."

पुढच्या दोन्ही रांगांनी पेनं खाली ठेवली आणि खिडकीबाहेर पाहायला लागल्या. मला वाटलं, झालं. एवढ्यासाठी ही बाई नोकरी गमावून बसली. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात माझ्या शेजारची, नवलाख उंबरे गावाहून चालत येणारी एक काटकुळी पोरगी बाकावरून अर्धी उठली.

"पर बाई, आपुन चाललोय कुटं?"

"उत्तरेला," मालतीताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. आणि त्या कपाटातून जगाचा नकाशा ओढून काढून, तो टांगायला भिंतीत खिळा कुठे आहे ते शोधू लागल्या.